जुन्या ट्यूब अँपचा स्पीकर जॅक: केबल हलवली की आवाज जातो

जुन्या फेंडर गिटार अँपवर स्पीकरची केबल हलवली की आवाज जातो, दाबून धरली की येतो, आणि क्लीनर मारून तेवढ्यापुरताच फरक पडतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक विनंती: जॅक नीट होईपर्यंत अँप वाजवू नका. वाजवताना स्पीकर सुटला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला वाट उरत नाही. त्याच्या प्रायमरीवरचं (ट्यूबकडच्या वाइंडिंगवरचं) व्होल्टेज भयंकर वाढतं, ट्यूबच्या सॉकेटवर ठिणग्या पडतात किंवा वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं. जॅक कधीही बदलता येतो, मूळ ट्रान्सफॉर्मर गेला की गेला.

याच धोक्यासाठी फेंडरचा मुख्य स्पीकर जॅक शॉर्टिंग प्रकारचा असतो. प्लग नसला की टिपची पट्टी (प्लगच्या टोकाला लागणारी) ग्राउंडला टेकते, प्लग घातला की ती उचलली जाते. शेजारचा एक्स्टेन्शन जॅक साधा असतो, त्यामुळे फक्त त्यातच स्पीकर लावला तर अँप गप्पच राहतो.

उघडण्याआधी मेन्सचा प्लग काढा. फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कपॅसिटर आणि चॅसिस (अँपचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये लावा, मग मीटरने प्रत्येक कपॅसिटर तपासा.

आता मीटरचा चकवा. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा (स्पीकरकडच्या वाइंडिंगचा) डीसी रेझिस्टन्स जेमतेम एक ओहम किंवा त्याहून कमी असतो. त्यामुळे जॅक चांगला असो वा वाईट, मीटर शॉर्टच दाखवतो. टिपवरची ट्रान्सफॉर्मरची वायर आधी सोडवा. मग स्पीकर लावून जॅकच्या दोन लगांवर (वायरी जोडायच्या टोकांवर) मोजा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवेल. केबल हलवा. आकडा उड्या मारत असेल तर टिपची पट्टी सैल असू शकते. आकडा शून्याकडे गेला तर शॉर्टिंग पट्टी पुरती उचलली जात नाही. प्लग बाहेर काढल्यावर शून्य आलंच पाहिजे.

पट्टी बुडापाशी हळूच वाकवा, टोकाला नाही. प्लग आत असताना शॉर्टिंग संपर्कात स्पष्ट फट दिसली पाहिजे. काळवंडलेला संपर्क क्लीनरने भिजवलेल्या जाड कागदाच्या पट्टीने घासा. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो. पट्टीत ताणच उरला नसेल तर वाकवत बसू नका, जॅक बदला: स्विचक्राफ्टचा १२ए, एक्स्टेन्शनसाठी ११. जुना काढण्यापूर्वी फोटो घ्या. ब्लॅकफेसमध्ये (१९६० च्या दशकातले काळ्या पॅनलचे फेंडर) निगेटिव्ह फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत मागे नेऊन आवाज आवरणारी, वायरही सहसा याच टिपवर असते. ती राहून गेली तर आवाज येतो, पण जास्त मोठा आणि कर्कश, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. सेकंडरीच्या दोन वायरी उलट लागल्या तर अँप किंचाळतो.

दातेरी वॉशर चॅसिसच्या आतल्या बाजूला घाला आणि तिथला गंज आधी खरवडा. केबल स्पीकरचीच वापरा, गिटारची शील्डेड नको. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर किंवा डमी लोड (स्पीकरऐवजी लावायचा, पुरेशा वॉटचा आणि अँपला लागणाऱ्या ओहमचा रेझिस्टर) जोडलेला हवाच.