टिकल्यांच्या डबीतल्या गोळ्या

तिने पर्समधून टिकल्यांची जुनी डबी काढली आणि टेबलावर ठेवली. आत गोळ्या. ४६. सकाळची एक, रात्रीची एक, तेवीस दिवसांच्या. स्ट्रिपमधून काढायची, सगळ्यांसमोर तोंडाकडे हात न्यायची, आणि गोळी डबीत.

"घरी सगळ्यांना वाटतंय औषध चालू आहे," म्हणाली.

वय एकतीस, घर कळव्याला, नोकरी ऐरोलीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. आजार मात्र तोच, आयटीपी. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींना, परकं समजते, त्यांना अँटिबॉडी चिकटतात आणि मग प्लीहा त्या प्लेटलेट गिळून टाकते. निरोगी माणसात प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात. हिच्या पहिल्या रिपोर्टात नऊ हजार होत्या. हिरड्यांतून रक्त, पिंडऱ्यांवर बारीक लाल ठिपके, आणि महिना जुलै. जुलैत ठाण्यात प्लेटलेट उतरल्या म्हटलं की सगळ्यांना डेंग्यूच दिसतो. तपासणीत डेंग्यू निघाला नाही, तरी शेजारणीने आणलेला पपईच्या पानांचा रस पंधरा दिवस चाललाच.

स्टेरॉइडने प्लेटलेटचा काउंट चढला, डोस कमी करताच कोसळला. असं दोनदा झालं. तोंड सुजलं, झोप उडाली. "ट्रेनमध्ये एका मुलीने उठून मला जागा दिली, पोट बघून," ती म्हणाली. "मी गरोदर नव्हते हो." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं खरं, पण तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही.

मग रक्तविकारतज्ज्ञांनी मायकोफेनोलेट लिहून दिलं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. अशा औषधाच्या वेळी जो प्रश्न मला नेहमी विचारतात तोच तिनेही विचारला: "प्रतिकारशक्तीच दाबायची म्हणजे मी लोकलमध्ये उभी कशी राहू? कुणी शिंकलं तरी संपलं."

मी डॉक्टर नाही, आणि गोळी घ्या किंवा घेऊ नका हे सांगणं माझं काम नाही. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आणून दिली. पाच महिने ती स्टेरॉइड घेत होती, तेही प्रतिकारशक्तीच दाबतं, आणि ती रोज तीच ट्रेन पकडत होती. नवीन औषधाने प्रतिकारशक्ती शून्य होत नाही. संसर्गाचा धोका वाढतो हे खरं, म्हणून ताप १००.४ च्या वर गेला तर घरी क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. जिवंत विषाणूंच्या लशी न विचारता घ्यायच्या नाहीत. अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. गोळ्या घेत नाहीयेस हे डॉक्टरांना कळायलाच हवं, हेही बजावलं. ती मान डोलवत राहिली. मला वाटलं, झालं काम.

पुढच्या आठवड्यात डबीत ६० गोळ्या होत्या.

चूक माझी होती. तिने विचारलेल्या प्रश्नाचं मी उत्तर दिलं, पण अडलं होतं दुसरीकडेच. मी विचारलं, डॉक्टरांकडे सोबत कोण असतं?

"सासूबाई."

डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी विचारलं होतं, मुलाबाळाचा काही विचार आहे का. उत्तर सासूबाईंनी देऊन टाकलं: "छे छे, आधी हिची तब्येत." मायेनेच. हिने मान खाली घातली. येत्या दिवाळीनंतर बाळाचा विचार करायचा हे नवरा-बायकोचं आधीच ठरलं होतं, फक्त घरात कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री मोबाइलवर औषधाचं नाव टाकल्यावर पहिलीच ओळ तिला दिसली ती गर्भाला होणाऱ्या अपायाची.

म्हणजे तिची भीती रास्त होती. मायकोफेनोलेटमुळे गर्भपात आणि बाळात जन्मजात व्यंग होण्याचा धोका वाढतो. ते चालू असेपर्यंत गर्भनिरोधक लागतं, आणि गर्भधारणेआधी निदान सहा आठवडे ते बंद करावं लागतं. तिच्या नवऱ्याने फोनवर मला सांगितलं होतं, "मॅडम, जरा समजवा तिला, औषधाला घाबरते." मी नुसतीच समजावत बसले असते तर? नातेवाईक ज्याला 'समजावणं' म्हणतात, त्याची मला तेव्हापासून जरा धास्तीच वाटते.

प्रश्न कागदावर मराठीतच लिहिले, तिच्याच शब्दांत. या वेळी सोबत नवरा गेला. डॉक्टर म्हणाले, "हे आधी सांगायचं ना." ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतंत. उत्तर मी दिलं नव्हतं."

औषध बदललं. अझाथायोप्रीन आलं. हे गरज पडल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरोदरपणातही चालू ठेवता येतं. सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ या जनुकांची तपासणी झाली, कारण काहींच्या शरीरात ही गोळी नीट मोडली जात नाही आणि पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने उतरतात. एनयूडीटी-१५ मधला हा दोष आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतो. सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सोबत यकृताची तपासणी. परिणाम दिसायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त. तोवर स्टेरॉइड हळूहळूच उतरवायचं, एकदम सोडायचं नाही.

कागदावर शेवटचा प्रश्न सासूबाईंच्या गुळवेल काढ्याचा होता. रोज सकाळी, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून! ज्या प्रतिकारशक्तीने हा घोळ घातला तिलाच खुराक. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही. तो वाद बाजूला ठेवू. हिच्या डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितला आणि सासूबाईंनी तो केला, थोड्या रुसून.

पहिल्या महिन्यात काउंट फारसा हलला नाही. तिसऱ्या महिन्यात ती आली तेव्हा स्टेरॉइड निम्म्यावर आलं होतं आणि काउंट ५२ हजारांवर टिकून होता. गोळ्या आता सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी, फ्रीजवरच्या डब्यात असतात. बाळाचं घरी अजून सांगितलेलं नाही. कधी सांगायचं ते ती दोघं बघतील.