'कुणाला सांगू नकोस हं' म्हटलं तर?

प्रश्न: ताई, आमचा पंधरा-वीस जणांचा ग्रुप आहे. एकटे राहणारे वयस्कर, अपंगत्वामुळे किंवा आजारपणामुळे दुसऱ्यावर अवलंबून असलेले लोक, अशांकडे आम्ही आठवड्यातून एकदा गप्पा मारायला जातो. मागच्या महिन्यात एक आजी आमच्यातल्या एका मुलीला म्हणाल्या, 'पेन्शन माझ्या हातात येतच नाही गं, पण कुणाला सांगू नकोस हं.' हिने लगेच 'नाही सांगणार' म्हणून टाकलं आणि मग तीन आठवडे एकटीच कुढत बसली. आता सगळ्यांना ट्रेनिंग द्यायचं ठरलंय. छळाच्या प्रकारांची पन्नास स्लाइडची पीपीटी तयार आहे, ती दाखवली की झालं ना?

उत्तर: नाही हो झालं! त्या मुलीला काय प्रकार माहीत नव्हते का, तिला कळलंच होतं काय चाललंय, अडलं ते पुढच्या वाक्यावर. म्हणून प्रकार अर्ध्या तासात आटपा: मारहाण, लैंगिक छळ, घालूनपाडून बोलणं, पैशाची लुबाडणूक, हेळसांड. हेळसांडीवर जरा थांबा कारण ती पटकन दिसत नाही. चष्म्याची काच दोन महिने फुटलेलीच, कानाच्या मशीनची बॅटरी संपलेली, वॉकर हाताला लागणार नाही असा लांब कोपऱ्यात. पण हेही सांगा की एका खुणेवरून काही ठरत नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही काळानिळा डाग पडतो, त्यामुळे कुणी डिटेक्टिव्ह बनायचं नाही.

उरलेला सगळा वेळ रोलप्लेला द्या. एकाने आजी व्हायचं, 'कुणाला सांगू नकोस' म्हणायचं. बघा, पहिल्या वेळी बहुतेकांच्या तोंडून 'नाही सांगणार'च निघेल, आपल्याला सवयच असते तशी. त्याऐवजी हे वाक्य तोंडात बसेपर्यंत मोठ्याने म्हणायला लावा: 'मी हे गावभर करणार नाही, पण काळजीचं वाटलं तर आमच्या एका माणसाला सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी तुमच्याशी बोलेन.' तो एक माणूस कोण हे आधीच ठरलेलं हवं, आणि तो रजेवर असेल किंवा तक्रार त्याच्याबद्दलच असेल तर दुसरा कोण तेही.

विचारायचं कसं? 'मुलगा पैसे काढून घेतो का?' असं नाही, त्यात उत्तर आपणच त्यांच्या तोंडात घालतो. 'पेन्शनचं काय होतं ते सांगता का?' एवढंच, आणि मग गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजा, फार जड जातं ते. मग त्याच दिवशी लिहून ठेवायचं, त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून. 'आजी घाबरलेल्या होत्या' हे तुमचं मत झालं, 'बोलताना दोनदा दाराकडे बघितलं' ही नोंद झाली.

आणि त्या मुलीला रागावू नका प्लीज. तिने स्वतः आजींकडे जाऊन, त्या एकट्या असताना, 'मी घाईत शब्द दिला, तो मला पाळता येणार नाही' असं सांगावं, तुम्ही परस्पर काही करायच्या आधी.

प्रश्न: पण त्या म्हणाल्या 'माझा मुलगा आहे तो, तुम्ही यात पडू नका,' तर?

उत्तर: तर बऱ्याचदा थांबावं लागतं, इथे व्हॉलंटियर फार चिडतात. समोरचा माणूस मोठा आहे, आपल्याला चुकीचा वाटणारा निर्णय घ्यायचा हक्क त्याला आहे. जिवाला आत्ता धोका असेल, आणखी कुणाला धोका असेल, किंवा आजारामुळे वा धाकामुळे त्यांना स्वतः ठरवताच येत नसेल, तर गोष्ट वेगळी, मग त्यांनी नको म्हटलं तरी मदत मागवायची. एरवी 'तुम्हाला काय व्हायला हवंय?' हे विचारा. पुष्कळ जणांना मुलगा हवाच असतो, त्रास तेवढा थांबायला हवा असतो. मुलाला जाब विचारायला मात्र कुणीही जायचं नाही, आपण तासाभराने घरी जातो, त्यांना रात्र तिथेच काढायची असते.

प्रश्न: आमचे व्हॉलंटियर सगळे चांगल्या घरचे आहेत, त्यांच्यासाठीही नियम कशाला?

उत्तर: जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बघा. साठीपुढच्या दर 6 जणांत साधारण एकाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागतो, आणि वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थांमधल्या 3 पैकी 2 कर्मचाऱ्यांनी वर्षभरात असं काही केल्याचं स्वतःच सांगितलंय. ते काय वाईट घरचे होते? म्हणून नियम सगळ्यांना, तुम्हालाही. एटीएमचा पिन विचारायचा नाही, उसने द्यायचे-घ्यायचे नाहीत, भारी भेटवस्तू नाही, सामान आणून दिलं की पावती आणि सुट्टे तिथेच मोजून हातात.