दानीएलच्या ग्रंथातील दोन भाषा

प्रश्न : बायबलमधील दानीएलचा ग्रंथ हिब्रूत सुरू होतो, मध्येच अरामी (हिब्रूची भगिनी भाषा) होतो आणि शेवटी पुन्हा हिब्रूकडे वळतो, असे वाचनात आले. हा नंतरच्या नकलाकारांचा घोळ असेल का? तसेच कॅथलिक बायबलमध्ये तिसऱ्या अध्यायात असलेले, राजाने भट्टीत टाकलेल्या तीन तरुणांचे स्तोत्र जुन्या हस्तलिखितांत आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हा नकलाकारांचा घोळ नव्हे. १९४७ पूर्वी हे इतक्या ठामपणे सांगता आले नसते, कारण संपूर्ण हिब्रू बायबलच्या सर्वांत जुन्या ज्ञात पोथ्या इ. स. दहाव्या-अकराव्या शतकांतल्या, म्हणजे मूळ ग्रंथानंतर हजारावर वर्षांनी लिहिलेल्या होत्या. पुढे मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत दानीएलच्या आठ हस्तलिखितांचे तुकडे सापडले. त्यांतले सर्वांत जुने इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरचे मानतात. आणि ग्रंथाला आजचे रूप इ. स. पू. १६५च्या सुमारास आले, हे बहुतेक अभ्यासकांचे मत धरले, तर ही नक्कल त्यानंतर दोन-तीन पिढ्यांतच झालेली ठरते.

पहिल्या गुहेतील एका प्रतीत नेमका दुसऱ्या अध्यायाचा सांधा टिकून आहे. खास्दी लोक, म्हणजे दरबारातले ज्योतिषी, राजाला ‘चिरायू असा’ म्हणतात, तेथून चौथ्या वचनाच्या मध्यावर अरामी सुरू होते आणि त्या जागी थोडी मोकळी जागा सोडलेली दिसते. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने नुसत्या अक्षरांवरून हा बदल कळत नाही. आपल्या जिल्ह्यातील हत्तरसंग कुडलच्या शके ९४०च्या शिलालेखातही संस्कृत मजकुरानंतर शेवटची ओळ मराठीत येते, पण लिपी देवनागरीच राहते. आठव्या अध्यायारंभी हिब्रू परत येते, तो सांधाही चौथ्या गुहेतील दोन प्रतींत आहे.

असे का केले, याचे उत्तर मात्र हस्तलिखिते देत नाहीत. दरबारी कथा आधीपासून अरामीत प्रचलित होत्या आणि ग्रीक राजा अंतिओख याने केलेल्या ज्यूंच्या छळाच्या काळात त्यांना हिब्रू दृष्टान्त जोडले गेले, हे मत मला सर्वाधिक पटते. तरी सातवा अध्याय भाषेने अरामी आणि आशयाने दृष्टान्त आहे, ही त्यातली अडचण उरतेच.

स्तोत्राविषयी : पहिल्या गुहेतील दुसऱ्या प्रतीत तिसऱ्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनाला लागूनच चोविसावे येते, मध्ये स्तोत्र नाही. ते ग्रीक भाषांतरांतून आले आहे.