वाचकांचे प्रश्न : चिठ्ठी, पाकीट आणि डॉक्टरांशी संबंध

प्रश्न : रुग्णालय व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन मी सांगलीकडील एका खासगी रुग्णालयाच्या रेफरल विभागात अलीकडेच रुजू झालो आहे. आसपासच्या तालुक्यांतील डॉक्टरांना भेटणे, आमच्याकडील सोयींची माहिती देणे आणि त्यांच्याकडून येणारे रुग्ण वाढवणे, हे माझे काम आहे. बऱ्याच दवाखान्यांत माझे बोलणे पुरे होण्याआधीच ‘आमचे काय?’ असे विचारले जाते. वरिष्ठ म्हणतात, ‘सगळेच देतात, आपणही सल्लाशुल्क म्हणून देऊ, तुम्ही फक्त कोणी किती रुग्ण पाठवले त्याची यादी ठेवा.’ हे काम सचोटीने करता येते का, की क्षेत्रच बदलावे?
— एक वाचक

उत्तर : क्षेत्र बदलण्याची घाई करू नका, ती यादी मात्र ठेवू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेतील कलम 6.4 अगदी स्पष्ट आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल, सुचवल्याबद्दल किंवा मिळवून दिल्याबद्दल डॉक्टरने भेटवस्तू, कमिशन वा बक्षिसी द्यायची नाही, मागायची नाही आणि घ्यायचीही नाही. या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये नवे नियम आणले खरे, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनी संहिता पुन्हा लागू झाली. ही संहिता नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहे, तुमच्यासारख्या कर्मचाऱ्याला ती थेट लागू होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट मला खटकते : पाकीट तुम्ही नेऊन देणार आणि नोंदणी धोक्यात येणार ती समोरच्या डॉक्टरची.

‘सल्लाशुल्क’ या नावाने फरक पडत नाही. एखादा डॉक्टर आपल्या रुग्णालयात येऊन खरोखर ओपीडी चालवत असेल किंवा शस्त्रक्रियेत सहायक म्हणून उभा राहत असेल, तर त्याच्या श्रमाचे मानधन रीतसर पावती करून जरूर द्यावे. पण जी रक्कम पाठवलेल्या रुग्णांच्या संख्येबरोबर वाढते आणि घटते, तो ‘कट’च, म्हणजे रुग्ण पाठवल्याचे कमिशनच आहे, आणि तो शेवटी रुग्णाच्याच बिलात चढतो. 2017 मध्ये मुंबईतील एका हृदयरोग रुग्णालयाने ‘डॉक्टरांना कमिशन नाही’ अशी जाहिरात फलकांवर लावली तेव्हा वैद्यकीय संघटनेने तिला आक्षेप घेतला; त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही करून घेतला. म्हणजे तुमचे वरिष्ठ ज्याला रीत म्हणतात, तिच्याविषयी या राज्यात उघड चर्चा होऊन गेलेली आहे.

आता ‘आमचे काय?’ या प्रश्नाकडे वळू. तो विचारणारा प्रत्येक डॉक्टर पैशासाठीच विचारतो, असे मला वाटत नाही. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर रात्री-अपरात्री दार उघडतो, थोडक्या फीमध्ये तीन पिढ्यांचे आजार सांभाळतो, आणि त्याने शहरात पाठवलेला रुग्ण पुढे कुठे गेला, हे त्याला महिनाभर कळत नाही. मग एक दिवस तोच रुग्ण जाडजूड फाईल घेऊन समोर बसतो, आणि मधुमेहाच्या आपण दिलेल्या गोळ्या बदलल्या आहेत, हे डॉक्टरला रुग्णासमोरच वाचावे लागते. काही वेळा तर रुग्ण परत येतच नाही, कारण त्याला साध्या तापासाठीही शहरातल्याच ओपीडीत बोलावलेले असते. ही उपेक्षा खरी आहे, आणि ती दूर करणे हेच तुमच्या विभागाचे मुख्य काम आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याच आचारसंहितेचे कलम 3.6 सांगते की, पाठवणाऱ्या डॉक्टरने रुग्णाची संक्षिप्त माहिती द्यावी आणि तज्ज्ञाने आपले मत त्याला लेखी कळवावे. कलम 6.4 ची चर्चा खूप होते; 3.6 कोणी वाचतही नाही.

म्हणून भेटीला जाताना चकचकीत माहितीपत्रकाऐवजी त्या डॉक्टरने मागच्या महिन्यात पाठवलेल्या रुग्णांचा वृत्तान्त न्या. अर्थात रुग्णाच्या संमतीने आणि आपल्या तज्ज्ञाच्या सहीने. सकाळची ओपीडी संपून डॉक्टर जेवायला उठण्याआधीची वेळ गाठा, आणि बाहेर चार रुग्ण बसलेले असतील तर कंपाउंडरकडे निरोप ठेवून परत फिरा. रुग्ण दाखल झाला त्या दिवशी एक फोन, निदान झाल्यावर दुसरा, आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत रुग्ण घरी पोहोचण्याआधी डॉक्टरकडे, एवढे सातत्याने झाले तर पुष्कळ ठिकाणी तो प्रश्न पुन्हा विचारला जाणार नाही. जिथे विचारला जाईल, तिथे नम्रपणे नाही म्हणा आणि ते रुग्ण जाऊ द्या.

याहून मोलाचे काम तातडीच्या वेळचे आहे. पक्षाघाताच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. जत किंवा आटपाडीकडून मिरजेपर्यंत यायलाच दीड-दोन तास सहज जातात. अशा वेळी त्या डॉक्टरकडे तुमच्या स्वागतकक्षाचा नव्हे, तर अतिदक्षता विभागातील डॉक्टरचा थेट क्रमांक हवा. ईसीजीचा फोटो पाठवल्यावर काही मिनिटांत उत्तर यायला हवे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार तुमच्याकडे बसतो की नाही, हे रुग्ण गाडीत बसण्याआधी कळायला हवे. आणि तुमच्याकडे त्या रात्री खाट रिकामी नसेल, तर जवळचे दुसरे रुग्णालय स्वतःहून सुचवा. असा सल्ला डॉक्टर वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

वरिष्ठांपुढे रुग्णसंख्येऐवजी दुसरे आकडे मांडून पाहा : किती डॉक्टरांना लेखी वृत्तान्त वेळेत गेला, किती रुग्ण पुढील तपासणीसाठी मूळ डॉक्टरकडे परत गेले. ते तरीही पाकिटावरच अडून राहिले, तर नकार लेखी द्या आणि दुसरी नोकरी शोधा. क्षेत्र सोडण्याची गरज नाही.

प्रश्न : माझे स्वतःचे स्कॅन सेंटर आहे. आम्ही उपचार करत नाही, फक्त तपासण्या करतो. आम्हालाही हा नियम लागू होतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होय. तुम्ही नोंदणीकृत डॉक्टर असाल तर थेट, आणि नसाल तरी तुमच्याकडून कमिशन घेणाऱ्या डॉक्टरला तो लागू होतोच. तपासणीसाठी पाठवलेली व्यक्ती असो वा रक्ताचा नमुना, कलम 6.4 दोन्हींना सारखेच लागू आहे. शिवाय डॉक्टरांना दिलेले असे कमिशन व्यवसायाचा खर्च म्हणून आयकरात वजा करता येत नाही, असा निकाल पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका स्कॅन सेंटरच्याच प्रकरणात दिला आहे. ती रक्कम तपासणीच्या दरातून कमी करा आणि नवा दर दर्शनी भागात लावा.