टाळी वाजवता येत नाही म्हणून कार्यक्रमाला जाणंच सोडलं

"मॅडम, हसू नका हं, प्रॉब्लेम एकदम फालतू आहे," असं म्हणून जो माणूस सुरुवात करतो ना त्याचा प्रॉब्लेम कधीच फालतू नसतो, एवढं मला काउन्सेलर म्हणून इतक्या वर्षांत कळलंय. या ताईंनी पण तशीच सुरुवात केली. वय चोपन्न, बँकेतून व्हीआरएस घेतलेली, पुण्यातल्याच. (ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि त्यांना विचारूनच लिहितेय.) मी चहा मागवला तर त्यांनी कपाचा कान धरून तो उचललाच नाही, दोन्ही तळव्यांच्या मधे धरून ओंजळीत घेतल्यासारखा उचलला. मला वाटलं थंडी आहे म्हणून हात शेकतायत. थंडी होतीच, पण कारण ते नव्हतं.

सहा वर्षांपासून त्यांना आमवात आहे, म्हणजे र्‍हुमॅटॉइड. आपल्याकडे संधिवात म्हटलं की लोकांना गुडघे धरून जिना चढणाऱ्या आजीच आठवतात, पण तो झिजेचा प्रकार वेगळा आणि हा वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते, बोटांच्या मुळाशी, मनगटात सूज येते, बहुतेक वेळा दोन्ही हातांना सारखीच, सकाळी उठल्यावर तासभर तरी मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो आणि ऐन तिशी-चाळिशीतही होतो. आणि बाहेरून काही दिसत नाही. निदान सुरुवातीची बरीच वर्षं, औषधं नीट चालू असतील तर हात अगदी तुमच्या-माझ्यासारखे दिसतात. सगळी गोची तिथंच आहे.

तर झालं असं की पुतणीचं अरंगेत्रम होतं, म्हणजे भरतनाट्यम शिकणाऱ्याचा पहिला जाहीर कार्यक्रम. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये, दोन-अडीच तासांचा कार्यक्रम, प्रत्येक रचनेनंतर टाळ्या. ताई तिसऱ्या रांगेत. अलारिपू झालं, टाळ्या वाजवल्या. जतिस्वरम, शब्दम, वाजवल्या. मग वर्णम, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दमवणारं, ते झाल्यावर हॉल दणाणला, या पण भान विसरून वाजवत बसल्या आणि तिथं हात गेले. "मनगटात कुणीतरी खिळा ठोकतंय असं होतं हो." तिल्लाना होईपर्यंत हात मांडीवर गप्प. शेवटी सगळे उभे राहिले, याही उभ्या राहिल्या, पण हात पोटाशी धरून आणि चेहरा दुखण्यानं आवळलेला. नेमका तेव्हाच व्हिडिओवाल्याचा कॅमेरा फिरला.

दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर क्लिप आली. खाली कुणीतरी लिहिलं, काकूंना आवडलेलं दिसत नाही, आणि पुढे तीन हसणारे चेहरे. जाऊबाईंनी, म्हणजे मुलीच्या आईनं, त्यावर काहीच लिहिलं नाही, आणि ताईंना तेच लागलं. नंतर फोनवर बोलणं तुटक. हळदीकुंकवाला "ये हं" एवढंच, आग्रह नाही. इकडे या बाईंना त्या रात्रभर ठणका आणि सकाळी पेस्टचं झाकण फिरेना, आणि लोकांचं म्हणणं काय, तर ही शिष्ट, हिला कौतुक करायला जड जातं.

मग नाटकं बंद, शेजारच्या मुलाचं गॅदरिंग बंद, आणि शेवटी सवाई बंद. पुण्याबाहेरच्यांना सांगते, १९५३ साली भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव, दर डिसेंबरात असतो, आणि काही घरांत तो दिवाळीसारखाच पाळतात. ताई आणि जाऊबाई लग्न झाल्यापासून जोडीनं जायच्या, रमणबागेच्या मैदानावर असायचा तेव्हापासून, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन. त्या वर्षी ताईंनी पासच काढला नाही, जाऊबाईंना सांगितलं की घरी पाहुणे आहेत. पाहुणे वगैरे कोणी नव्हते.

आता इथे माझी चूक सांगते. मी पहिल्याच भेटीत आमचा ठेवणीतला डायलॉग मारला, की लोकांचं आपल्याकडे आपल्याला वाटतं तितकं लक्ष नसतं. एरवी हे खरंच असतं. पण ताईंनी शांतपणे पर्स उघडली, अंगठा मोडू नये अशा बेतानं फोन काढला आणि क्लिप लावली. चाळीस सेकंद. मी गप्प. लोकांचं लक्ष होतं, बोलले पण होते, आणि मी मात्र तिला सांगत होते की हे तुझ्या डोक्यात आहे. अशा वेळी सॉरी म्हणायचं असतं, ते मी म्हटलं.

त्यानंतरची चूक म्हणजे मी लगेच युक्त्या सुचवायला लागले. दोन बोटांनी तळव्यावर हलकेच वाजवा, पत्रिका मांडीवर आपटा. बहिरे लोक दोन्ही हात वर करून मनगटं फिरवतात तशी टाळी द्या. (ही खरी मोठी सुंदर असते, अख्खा हॉल तसा करतो तेव्हा गव्हाच्या शेतात वारं शिरल्यासारखं दिसतं. मँचेस्टरमधल्या विद्यार्थी संघटनेनं २०१८ साली ठरवलं होतं की मोठ्या आवाजाचा ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी आपल्या सभांमधे अशीच टाळी द्यायची, तर लोकांनी त्यांची काय टर उडवली होती.) ताईंनी माझ्यासमोर करून पाहिली. मनगट फिरवलं की तिथंच कळ. हात फक्त वर धरून कोपरातून हलवला तर चालत होतं. "पण मॅडम, मी एकटीच असा हात हलवत बसले तर लोकांना वाटेल वेटरला बोलावतेय." दोघी हसलो, आणि मग मला सुचलं की मी प्रश्नच चुकीचा सोडवतेय.

मी विचारलं, "नाच आवडला होता का पण?"

आणि बाई सुटल्या. पंधरा मिनिटं. वर्णममधे कृष्णाची वाट बघणारी नायिका दाराशी येते, चाहूल लागते म्हणून थबकते, आणि वाजू नये म्हणून पैंजण हातानं दाबून धरते, ते तिनं कसं केलं. पुढे जलद जतीमधे एका ठिकाणी पाय चुकला, पण पोरगी घाबरली नाही, डोळ्यांत एक सेकंद हसली आणि बरोब्बर समेवर आली. "तो सेकंद पाहिला आणि मला रडू आलं हो, एवढीशी होती तेव्हा माझ्याकडे झोपायला यायची."

"हे तिला सांगितलंत?"

नाही. त्या दिवशी हात लपवायच्या नादात ग्रीनरूमलाच गेल्या नव्हत्या, आणि नंतर क्लिप आली, मग काय तोंडानं सांगणार.

आपल्याकडे दाद हा शब्द किती मोठा आहे बघा, टाळी हा त्यातला एक छोटा प्रकार. गाण्याच्या बैठकीत दाद मानेनं दिली जाते, समेवर सगळ्यांची मान एकदम खाली येते तेव्हा गाणाऱ्याला जे मिळतं ते टाळ्यांनी मिळत नाही असं गाणारे स्वतः सांगतात. "व्वा", "क्या बात है", नुसता एक हुंकार. संगीत नाटकाला वन्समोर. तमाशाला शिट्टी, फेटे. कीर्तनात बुवांनी नुसतं "पुंडलिक वरदे" म्हणायचं की पुढचं सगळी सभाच म्हणते. आणि नाटकवाल्यांना विचाराल तर तोंडावर प्रकाश असताना पहिल्या दोन-तीन रांगांपलीकडे नीट दिसत पण नाही, त्यांना हॉलचा श्वास कळतो, कोणाचे तळवे मिटलेत ते नाही. घरच्या माणसांचं वेगळं असतं. स्टेजवरचं पोरगं आईला-काकूला शोधत असतं, पण तेही चेहरा शोधतं.

बरं, तरी एक गोष्ट उरत होती. मी विचारलं, जाऊबाईंना आजार माहितीये का? तर "हात दुखतात" एवढंच माहीत. का? कारण ताईंच्या स्वतःच्या मुलीचं बघायचं चालू आहे, आणि आईला आमवात कळलं की स्थळाकडचे विचारणार, आनुवंशिक आहे का. हे ऐकून मला राग पण आला आणि कळलं पण. आपल्याकडे आजारापेक्षा आजाराची बातमी जास्त पसरते. घरात एकाला असेल तर इतरांची शक्यता थोडी वाढते हे खरंय, पण आईला आहे म्हणून मुलीला होणारच असं अजिबात नाही, आणि त्यांच्या डॉक्टरांनीही त्यांना हेच सांगितलेलं. पण भीती डॉक्टरांचं ऐकत नाही.

म्हणून मी सगळं सांगून टाका असं म्हटलं नाही. किती सांगायचं ते ज्याचं दुखणं त्यानं ठरवायचं. आम्ही बसून वाक्य तयार केलं, चार-पाच वेळा बदललं, शेवटी त्यांच्याच तोंडचं राहिलं, "माझ्या हाताच्या सांध्यांना सूज असते गं, टाळी वाजवली की रात्रभर ठणकतं, म्हणून वाजवत नाही." आजाराचं नाव नाही, माफी नाही, पुढे काही नाही. आणि पुतणीला टाइप करणं पण हातांना जड, तर व्हॉइस नोट. चार मिनिटांची पाठवली, त्यात पैंजण आणि तो चुकलेला पाय दोन्ही. पोरीचा उलटा निरोप आला, काकू तुला ते दिसलं??? मला वाटलं कुणालाच कळलं नाही. ग्रुपवरच्या पन्नास अंगठ्यांत पैंजणाबद्दल एकानंही लिहिलं नव्हतं.

जाऊबाईंचं इतकं सोपं झालं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस, मी काय परकी होते?" म्हणजे राग गेला तो टाळीवरचा, आणि दुसरा आला. त्यावर आम्ही पुढे दोन भेटी बोललो, तो भाग इथे नको.

असे बरेच जण येतात, म्हणून सांगते. एक निवृत्त मास्तर होते, पॅरॅलिसिसनं डावा हात गेलेला, ते हसत हसत म्हणाले, "एका हातानं टाळी वाजत नाही ही म्हण मी चाळीस वर्षं शिकवली, आता भोगतोय," आणि डोळे भरले. ते मूळचे भजनी मंडळातले. मी म्हटलं भजनात टाळ नसला तर काय करायचात? उजवा हात आपोआप मांडीवर गेला, आणि ताल सुरू. झालं, माझं काम संपलं. पण तीच मांडी आमवातवाल्याला चालेलच असं नाही, सूज असताना थापही लागते, म्हणून प्रत्येकानं आपल्या डॉक्टरांना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारून घ्या. आणि लोक काय म्हणतील म्हणून दात-ओठ खाऊन वाजवत बसू नका प्लीज, वर्णमचं बिल दुसऱ्या दिवशी येतं.

पुढच्या डिसेंबरात ताईंनी पास काढला. मुकुंदनगरच्या मैदानावर, दोघी जावा, पुऱ्यांसकट. ताईंच्या हातात अर्धी बोटं उघडी असलेले लोकरीचे मोजे, मांडीवर गरम पाण्याची बाटली. पहिल्याच दिवशी आलापीत एका जागेवर त्यांच्या तोंडून असा खणखणीत "व्वा" गेला की पुढचे आजोबा दचकून मागे वळले. आणि तबल्याच्या तिहाईनंतर सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला तेव्हा त्यांनी कोपरानं जाऊबाईंना ढोसलं, "माझ्या वाटणीच्या पण वाजव."

जाऊबाईंचा मला फोन आला होता नंतर, म्हणे तुमच्या त्या काउन्सेलिंगमुळे माझे तळवे लाल झालेत.