घरी बर्न केलेली सीडी होम थिएटरवर का वाजत नाही?

दुकानातली डीव्हीडी चालते आणि घरी बर्न केलेली सीडी टाकली की 'नो डिस्क', म्हणजे बहुतेक डिस्क फायनलाइज करायची (बर्न झाल्यावर ती बंद करून इतर प्लेअरना वाचता येईल अशी करायची) राहिली. तरीही अडलं तर सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) सोडून साधी सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) घ्या. आरडब्ल्यूवरून लेझरचा प्रकाश फारच कमी परततो, जुनी मशिन्स तिथेच अडखळतात.

डिस्क दिसते पण गाणी दिसत नाहीत? मग फाइल्स फ्लॅक किंवा एम४ए असतील. जुन्या होम थिएटरला एमपी३ कळतं, फार तर डब्ल्यूएमए. नुसतं नाव बदलून काही होत नाही (मीही करून पाहिलंय!), फाइल कन्व्हर्टच करावी लागते. नाहीतर सरळ ऑडिओ सीडी (फाइल्सची नव्हे, दुकानातल्या गाण्यांच्या सीडीसारखी) बनवा. जेमतेम 80 मिनिटं मावतात, पण जवळपास कुठेही वाजते.