वाचकांचे प्रश्न : पूर्ण भूल की कमरेखालची?

प्रश्न : आईचे वय ७४ असून खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया ठरली आहे. पूर्ण भुलीमुळे वृद्धांना भ्रम होतो, म्हणून पाठीत इंजेक्शन देऊन केवळ कमरेखालचा भाग बधिर करण्याचा आग्रह आम्ही धरावा का?

उत्तर : हा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ रूढ होता. अमेरिका आणि कॅनडातील रुग्णालयांमध्ये खुब्याजवळचे हाड मोडलेल्या, पन्नाशी गाठलेल्या वा ओलांडलेल्या १,६०० रुग्णांना कोणती भूल द्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगाने ठरवून त्यांची तुलना करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. साठ दिवसांत मृत्यू पावलेल्या किंवा आधाराशिवाय वा काठी-वॉकर घेऊनही चालू न शकणाऱ्या रुग्णांचे प्रमाण कमरेखालच्या भुलीत १८.५ टक्के, तर पूर्ण भुलीत १८ टक्के होते. भ्रमाच्या प्रमाणातही लक्षणीय फरक आढळला नाही. (हे आकडे मोठ्या समूहाचे आहेत, एकट्या आईचे नव्हेत.)

त्यामुळे आग्रह धरू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास मात्र भूलतज्ज्ञांना अवश्य सांगावे, कारण तेव्हा पाठीतील इंजेक्शन धोक्याचे ठरू शकते. भ्रम टाळण्यास मदत व्हावी म्हणून शस्त्रक्रियेनंतर चष्मा व श्रवणयंत्र लगेच हाताशी द्यावे.